टेंभरे भाऊंची पुडी

सौंदडचे देवानंद रामटेके यांच्या खालच्या जबड्याची डावी बाजू मागच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, नागपूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. देवानंद तेव्हा बावन्न वर्षांचे होते. गाडीवर भोंगा लावून गावोगाव पुकारा करणे हा त्यांचा धंदा होता. शस्त्रक्रियेनंतर तो बंद झाला.

हा मजकूर त्यांच्याविषयी थोडा आहे. जास्त आहे तो रामेश्वर टेंभरे यांच्याविषयी. देवानंदच्या तळहातावर रोज सकाळी खर्रा ठेवणारा माणूस तो. टेंभरे आजही सौंदडला राहतात. तब्येत उत्तम आहे.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा माहीत नसेल. सुपारीचा भुगा, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडी पाटीवर जोर लावून घोटतात. घोटता घोटता पन्नी गरम होते, आतला माल ओलसर आणि तपकिरी होतो. पन्नीचे तोंड वळले की खर्रा तयार. विकायला बंदी आहे. मिळत नाही असा ठेला मी पाहिलेला नाही.

सौंदडच्या बस थांब्यासमोर कडुलिंबाखाली भोजराजचा पानठेला आहे. त्याच्या बाजूला लांब बाक. सकाळी आठला टेंभरे भाऊ तिथे येत. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खांद्यावर दुपट्टा. घरी पंधरा एकर धान, शेतीवर दोन सालदार. दुपारच्या जेवणापर्यंत यांना काम असे ते एवढेच. बाकावर बसत ते तिघे: टेंभरे, देवानंद, आणि वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले मडावी बाबू. चौथा मी. मी तालुक्याचा वार्ताहर. पोलीस ठाण्यात बातमी पोहोचण्याआधी या बाकावर पोहोचत असे.

बाकाचा नियम एक होता. पुडी टेंभरे भाऊंचीच. दुसऱ्या कोणी स्वतःची पुडी काढली तर ते ती मागून घेत, पाहत, वास घेत आणि रस्त्यावर फेकून देत. "हे बैलाले बी नोको देऊ," म्हणत. मग भोजराजला हाक. भोजराजने घोटलेली पुडी टेंभरेंनी स्वतः उघडायची, दोन बोटांनी चिमूट काढायची, आधी मडावींच्या तळहातावर, मग देवानंदच्या, मग जो कोणी बसला असेल त्याच्या. शेवटी स्वतःला. बस पकडायला आलेल्या अनोळखी माणसालाही सोडत नसत.

नाही म्हणणाऱ्याला ते काही बोलत नसत. चिमूट धरलेला हात तसाच पुढे ठेवत. चेहऱ्यावर हसू. तालुक्याच्या शाळेत नवीन आलेल्या एका शिक्षकापुढे तो हात सुमारे चार मिनिटे होता. मी घड्याळ पाहिले होते. शिक्षकाची बस आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. शिक्षकाने चिमूट घेतली, तोंडात टाकली आणि धावत बस पकडली.

"पाह्यलं?" टेंभरे म्हणाले. "माणूस वाईट नाही. लाजते थोडा."

एक गोष्ट मला लक्षात यायला काही वर्षे लागली. त्यांची स्वतःची चिमूट सगळ्यांत लहान असे. तीसुद्धा पाचेक मिनिटांत कडुलिंबाच्या बुंध्याशी थुंकलेली असे. त्यांच्या दातांवर डाग नव्हते. खाण्याचा शौक त्यांना बेताचाच होता. खाऊ घालण्याचा मोठा होता.

रविवारची पार्टीही तशीच. तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, सकाळी अकराला चूल पेटे. ढिवरांनी पहाटे काढलेली मरळ टेंभरे स्वतः निवडत. बोटाने गलफड उचलून पाहत आणि नापसंत मासा परत टोपलीत टाकत. रस्सा तेच करत. मसाला पाट्यावर वाटायला लावत, आणि रश्शाला उकळी आली की कोणालाही झाकण उघडू देत नसत. लाखोरीच्या डाळीचे वडे, कच्चा कांदा, भात. सोबत मोहाची, पहिल्या धारेची. ती ते बोटावर घेऊन काडी लावून दाखवत. निळी ज्योत दिसली की म्हणत, "हे पाय. औषध होय, औषध."

ते जेवण चांगले असे. हे नोंदवणे आवश्यक आहे. तशी मरळ मी नंतर कुठे खाल्लेली नाही. मडावी बाबू जंगलातले किस्से सांगत, देवानंद नाटकाच्या पुकाऱ्याच्या आवाजात माशाची जाहिरात करत: "रसिक मायबाप! एकदाच संधी, एकदाच मरळ! येताना भूक घेऊन या, जाताना हात धुऊन जा!" सगळे हसत. टेंभरे सगळ्यांत जास्त. त्यांच्या पेल्यात शेवटपर्यंत पहिलीच मोहाची असे. इतरांचे पेले ते रिकामे राहू देत नसत.

"घे ना बे. कायले लाजतेस? घरी बायको आहे, इथं कोण आहे?"

गावातल्या एका बँकेत पुण्याकडचा एक तरुण अधिकारी बदलून आला होता. तो चहासुद्धा बिनसाखरेचा घेई. तंबाखू घेत नाही, असे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. टेंभरे भाऊंनी हात पुढे केला नाही. "बरोबर आहे साहेब तुमचं," म्हणाले. "भोजराज, साहेबासाठी वेगळी पुडी. बिना तंबाखूची. नुसती सुपारी अन् चुना."

अधिकारी खूश झाला. रोज सकाळी बँकेत जाण्याआधी पाच मिनिटे बाकावर बसू लागला. त्याची पुडी वेगळी येई. सुमारे दोन महिने हे चालले. एका सकाळी तो पुडी तोंडात टाकून बसला असताना टेंभरे म्हणाले, "साहेब, एक सांगू का? राग नोका मानू."

"सांगा ना."

"पंधरा दिवसांपासून तुमच्या पुडीत तेवढीच तंबाखू आहे जेवढी आमच्यात आहे. रोज चिमूट चिमूट वाढवत नेली. भोजराजले विचारा."

भोजराज खाली पाहत घोटत राहिला. मडावी हसले. देवानंद हसला. अधिकाऱ्याने तोंडातला खर्रा थुंकला नाही. क्षणभर थांबून तोही हसला. वर्षभराने त्याची बदली झाली. मराठवाड्यातल्या ज्या गावी तो गेला तिथे खर्रा मिळत नाही, म्हणून तो भोजराजला फोन करून पुड्या मागवतो. दोघांनी मला हे सांगितले. टेंभरे ही गोष्ट गावच्या लग्नांत, तेरवीत, कुठेही सांगत आणि शेवटी म्हणत, "आता त्याले झोप येते का आपल्याशिवाय? नाही येत!"

देवानंद त्यांना नाही का म्हणू शकत नव्हता, हे समजण्यासाठी मागे जावे लागेल.

दोघे एकाच वर्गात होते. टेंभरेंच्या घरी त्या काळी रामटेकेंच्या घरातल्या माणसाला पाणी ओंजळीत, वरून ओतून दिले जाई. देवानंदचे वडील त्यांच्या शेतात धानाच्या रोवण्याला जात. त्यांनाही तसेच. सहावी-सातवीत असताना रामेश्वर टेंभरे देवानंदच्या घरी जाऊन जेवला. भात आणि चिंगरांची, बारीक झिंग्यांची, चटणी. त्याच्या वडिलांना कळले. बैल हाकायच्या तुतारीने त्याला अंगणात मारले. पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा देवानंदच्या घरी जेवायला गेला. गावातल्या दोन वृद्धांकडे मी हे स्वतंत्रपणे विचारले. दोघांनी तेच सांगितले. एकाने मार पाहिला होता.

हे खरे आहे. टेंभरेंनी केलेली ही एक गोष्ट अशी आहे की तिच्यात खोट काढता येत नाही. तिचे पुढे त्यांनी जे केले तेही खरे आहे. बाकावर एकाच पन्नीतून सगळ्यांना खर्रा देताना ते नव्या माणसाला सांगत, "माझ्या पुडीत जात नाही. माझ्या बापानं याच्या बापाले वरून पाणी पाजलं. मी याले माझ्या हातानं खाऊ घालतो." देवानंद त्या वेळी समोर असे. तळहात पुढे करून बसलेला असे. मी पंधरा वर्षांत ते वाक्य किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. देवानंदने त्यावर काही म्हटलेले एकदाही ऐकले नाही.

देवानंदचा आवाज भंडाऱ्यापासून वडशापर्यंत माहीत होता. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटके लागतात. नाटकाच्या दिवशी सकाळपासून त्याची गाडी फिरे. तो लिहिलेले वाचत नसे. ज्या गावात शिरेल तिथल्या पोलीस पाटलाचे, सरपंचाचे, चहावाल्याचे नाव घेऊन बोलावी. लोक कामे सोडून दारात येत. नाटक कंपन्या त्याला एक हंगाम आधी सांगून ठेवत.

तीन हंगामांपूर्वी त्याचे शब्द जाड येऊ लागले. त्याच सुमारास बाकावर आलूबोंडा आला की तो बोंड्याचे तुकडे करून खाऊ लागला. टेंभरेंनी पाहिले. "काऊन बे देवा, बोंडा फोडून खाऊन राहिला? नवी नवरी होय का?" मग एक अख्खा बोंडा त्याच्या ओठांना लावून धरला. "कर आ. कर ना." देवानंदने प्रयत्न केला. बोंडा आत गेला नाही. तर्री हनुवटीवरून शर्टावर आली. सगळे हसले. हसणाऱ्यांत मी होतो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात त्याची पत्नी सुनंदाबाई त्याला गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बोटे तोंडात उभी घालून पाहिले. दोन बोटे कशीबशी गेली. गालाच्या आतली कातडी आखडून दोरीसारखी झाली होती. डॉक्टरांनी सांगितले की ही गाठ नाही, पण गाठीच्या आधीची पायरी असू शकते. खर्रा त्याच दिवशी बंद केला, गालांचे व्यायाम केले, औषध घेतले, तर तोंड थोडे उघडेल, धंदा चालेल. सुरू ठेवला तर पुढचे सांगता येत नाही.

देवानंदने खर्रा सोडला. पहिले आठ दिवस तो बाकावर आला नाही. नवव्या दिवशी आला, तेव्हा टेंभरेंचा हात पुढे आला.

"भाऊ, डॉक्टरनं मना केली जी."

"डॉक्टर काय देते तुले? गोळी देते. मी काय देऊन राहिलो? चिमूट देऊन राहिलो. चिमटीनं कोणी मरते का?"

"सुनंदा ओरडते."

"वहिनीले मी समजावतो."

हात तसाच होता. देवानंद उठून गेला. पुढचे पंधरा दिवस हेच. तो येई, बसे, हात पुढे येई, तो उठे. बाकाशिवाय त्याला सकाळ काढता येत नव्हती. घरी बसून तो काय करील, असे सुनंदाबाईंनीच मला विचारले होते.

मग एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेनऊला भोंगा वाजला. हंगाम नव्हता, नाटक नव्हते. लोक बाहेर आले. देवानंदची गाडी चौकातून हळू आली. आवाज जाड होता, पण शब्द कळत होते.

"सौंदड आणि परिसरातील तमाम बंधू-भगिनींनो, लक्ष द्या, लक्ष द्या! आपल्या गावचे देवानंद बकाराम रामटेके यांनी खर्रा सोडलेला आहे. कायमचा सोडलेला आहे. तरी कोणीही, मित्र असो, पाहुणा असो, मोठा माणूस असो, त्यांना खर्रा देऊ नये. कोणी दिल्यास तो देवानंदचा दुश्मन समजला जाईल. हुकुमावरून, सुनंदा रामटेके!"

गाव हसून लोळले. बाजारातल्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. गाडीने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मुले मागे धावत होती.

बाकावर टेंभरे भाऊ पुडी हातात धरून बसले होते. मडावी हसता हसता थांबले. गाडी दिसेनाशी झाल्यावर टेंभरे म्हणाले, "माझं नाव नाही घेतलं त्यानं."

"नाही घेतलं," मडावी म्हणाले.

"पण गावाले माहीत आहे पुडी कोणाची. दुश्मन म्हणते. माझ्या पाठीवर अजून वळ आहेत, मडावी बाबू. अन् मी दुश्मन."

त्या दिवसापासून सुमारे आठ महिने देवानंदने खर्रा तोंडात टाकला नाही. याची खात्री सुनंदाबाई, भोजराज आणि गाडीचा ड्रायव्हर या तिघांकडून झाली आहे. तो रोज सकाळी आरशापुढे तोंड उघडण्याचा व्यायाम करी. दिवाळीनंतरच्या हंगामात त्याने पुकारा केला. दिवसाला दोन गावे कमी घेतली, पण केला. डॉक्टरांनी पौषात तपासले तेव्हा तिसरे बोट अर्धे जात होते. देवानंदने बाकावर येऊन हे सांगितले. आता हात पुढे येत नव्हता. टेंभरे त्याला वगळून पुडी फिरवत आणि त्याच्याशी बोलत नसत.

मडावी बाबूंनी एकदा म्हणून पाहिले, "भाऊ, बोला ना जी त्याच्याशी. लेकरासारखं काय करता?"

"मी दुश्मन होय ना? दुश्मन बोलते का?"

देवानंदला हे सहन होत नव्हते, असे त्याने मला दोनदा सांगितले. "बाकी काही नाही पत्रकार. तंबाखूची याद येत नाही आता. भाऊ बोलत नाही, त्याचं वाटते."

माघात देवानंदच्या मुलीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. नवरा मुलगा देवरीचा, रेल्वेत कामाला. देवानंद स्वतः टेंभरेंच्या घरी निमंत्रण द्यायला गेला. टेंभरे म्हणाले, येतो.

कार्यक्रम दुपारी बाराचा होता. दारापुढे मंडप. बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो, फुले, मेणबत्त्या. टेंभरे भाऊ वेळेवर आले. पांढरे कपडे, नवा दुपट्टा. त्रिशरण-पंचशील सुरू झाले तेव्हा हात जोडून उभे राहिले. त्यांना ते पाठ होते. मुलीसाठी साडी आणली होती. जेवणावळीसाठी सकाळीच घरून मोठा हंडाभर वाटाणा-बटाटा पाठवला होता. देवरीच्या पाहुण्यांमध्ये त्यांच्या शेजारी मुलाचे आजोबा बसले होते. देवानंदने ओळख करून दिली: "हे आमचे भाऊ. लहानपणापासूनचे."

जेवणे झाली. पुरुष मंडळी मंडपात खुर्च्यांवर बसली. टेंभरेंनी खिशातून पुडी काढली. आधी मुलाच्या आजोबांना दिली. मग मुलाच्या वडिलांना, मामांना. सगळ्यांनी घेतली. मग हात देवानंदपुढे आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

देवानंद हसला. "भाऊ, तुम्हाले माहीत आहे."

टेंभरे पाहुण्यांकडे वळले. आवाज चढवला नाही. "सोयरे, एक सांगतो. माझ्या बापानं याच्या बापाले हातावर पाणी दिलं, वरून. मी याच्या घरी जेवलो म्हणून मार खाल्ला. आज इथं तुमच्यात जेवलो. हे सगळं गावाले माहीत आहे." मग देवानंदकडे. "आता तुले माझ्या हातचं चालत नाही का, देवा? उलटं झालं का आता? आम्ही बाटवून राहिलो का तुले?"

मुलाचे आजोबा देवानंदकडे पाहत होते. ते खर्रा चघळत होते. त्यांना डॉक्टरचे काही माहीत नव्हते.

मुलाचे वडील म्हणाले, "घ्या ना व्याही. एवढं मोठं मन आहे माणसाचं."

सुनंदाबाई पाण्याचे ग्लास घेऊन येत होत्या. त्या मंडपाच्या तोंडाशी थांबल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले नोका देऊ."

"वहिनी, चिमूट होय."

देवानंदने पत्नीकडे पाहिले नाही. तळहात पुढे केला.

टेंभरे भाऊंनी चिमूट ठेवली. देवानंदने ती तोंडात टाकली. टेंभरेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांचे डोळे पाणावले. मी ते जवळून पाहिले. त्या क्षणी टेंभरे खोटे रडत नव्हते. ते मी त्यांच्या बाजूने लिहीत नाही. तसे घडले म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला देवानंद बाकावर होता. टेंभरेंनी भोजराजला सगळ्यांसाठी जिलेबी आणायला पाठवले. गरम जिलेबी कागदावर आली. देवानंदला तिचा तुकडा टेंभरेंनी स्वतः मोडून दिला, लहान, तोंडात जाईल एवढा. त्या आठवड्यात बाकावर जेवढे हसणे झाले तेवढे वर्षभरात झाले नव्हते. मडावी बाबूंनी अस्वलाचा जुना किस्सा पुन्हा सांगितला. देवानंदने अस्वलाचा पुकारा केला.

पोळ्याच्या सुमारास डाव्या गालात आतून जखम झाली. देवानंदने ती तीन आठवडे लपवली. जेवताना तिखट झोंबू लागले तेव्हा सुनंदाबाईंना कळले. गोंदियाहून नागपूरला पाठवले. तुकडा काढून तपासला. गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांना मी नंतर विचारले, की खर्रा मधे सुटला होता, पुन्हा सुरू केला नसता तर हे टळले असते का. ते म्हणाले, ते सांगता येत नाही. अशी गाठ कधी सुरू होते हे कोणी सांगू शकत नाही. मी उत्तर लिहून घेतले. टेंभरेंना ते कोणीतरी सांगितले असावे, कारण पुढे बाकावर ते म्हणत, "मोठा डॉक्टर बोलला. सांगताच येत नाही, असा बोलला."

नागपूरला नेताना गाडी टेंभरेंची होती. सतरा दिवस रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली चटई टाकून ते राहिले. सुनंदाबाई वर, वॉर्डात. दोघांत बोलणे झाले नाही. आवारात इतर रुग्णांचे नातेवाईक होते. यवतमाळचे, चंद्रपूरचे, बालाघाटचे. चौथ्या दिवसापर्यंत टेंभरे सगळ्यांना नावाने ओळखत होते. जेवण झाल्यावर चटईवर बसून पुडी फिरवत. मी भेटायला गेलो तेव्हा पाचजण गोल करून बसले होते. पाचही जणांची माणसे वर त्याच वॉर्डात होती.

देवानंद घरी आला. बोलता येत नव्हते. मुलीच्या जुन्या वहीत लिहून सांगे. नळी काढल्यावर पातळ अन्न सुरू झाले. टेंभरे रोज अकराला येत. स्टीलच्या डब्यात मरळीच्या रश्शाचे पाणी, तिखट न घातलेले, फडक्यातून दोनदा गाळलेले. सुनंदाबाई डबा घेत, चमच्याने नवऱ्याला देत, डबा घासून परत करत. डॉक्टरांनी माशाचे पाणी चालेल म्हटले होते.

"डबा ठेवा अन् जा जी," त्या म्हणत. "बसू नका."

टेंभरे बसत. पडवीत खुर्ची ओढून, देवानंदच्या खाटेशी. बाकावरच्या गोष्टी सांगत. मडावीची म्हैस, भोजराजच्या ठेल्यावर आलेला अन्न खात्याचा साहेब. देवानंद डोळ्यांनी हसे.

बाराव्या दिवशी मी तिथे होतो. बोलता बोलता टेंभरेंचा हात खिशात गेला आणि पुडी बाहेर आली. मला वाटते त्यांनी विचार केला नव्हता. पन्नी उघडली. चिमूट काढली. वास पडवीभर आला.

खाटेवरून देवानंदचा उजवा हात उठला. तळहात वर होता.

टेंभरे थांबले. चिमूट दोन बोटांत होती. त्यांनी तळहाताकडे पाहिले, मग त्याच्या चेहऱ्याकडे, जिथे पट्टी होती. बोटे थोडी पुढे सरकली.

सुनंदाबाई आतून आल्या आणि त्यांनी टेंभरेंचे मनगट धरले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या माणसाला हात लावल्याचे कोणाला माहीत नाही. चिमूट जमिनीवर सांडली. पुडी त्यांनी दुसऱ्या हाताने काढून घेतली, पायरीशी जाऊन नालीत उलटी केली आणि रिकामी पन्नी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"वहिनी," टेंभरे म्हणाले, "त्यानंच हात पुढं केला. मी नाही देऊन राहिलो. विचारा त्याले."

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. देवानंदने मान हलवली. होय म्हणून.

"निघा," सुनंदाबाई म्हणाल्या.

टेंभरे भाऊ उठले. पन्नीची घडी केली, खिशात ठेवली, घासलेला डबा घेतला, चपला घातल्या. फाटकाशी थांबून वळले.

"उद्या मरळ आणू का झिंगे?"

सुनंदाबाई सांडलेली चिमूट झाडायला वळल्या.

दुसऱ्या दिवशी ते अकराला आले. दार बंद होते. त्यांनी दोनदा हाक मारली, "देवा." थोडा वेळ उभे राहिले. मग डबा पायरीवर ठेवून गेले. त्यात झिंग्यांचे पाणी होते, हे भोजराजकडून कळले. संध्याकाळी पाचला मी त्या रस्त्याने गेलो. डबा पायरीवर होता. झाकण लावलेले होते.